दुसऱ्या संगणकावर कुणीतरी

येरमाळा,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय वन्सं,

मायन्यात 'वन्सं' लिहिलं, म्हणजे तुझ्या आईचा, आत्याबाईंचा, आत्मा शांत. आता पुढं तू म्हणजे नंदू, सोलापूरच्या शाळेत माझ्या डाव्या हाताला बसून माझी भूमिती उतरवून काढणारी.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. पण तुझ्या घरी फोन वाजला की आधी कोण उचलतं? परवा मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून ह्यांचा, तुझ्या अण्णांचा, आवाज, "अडीच इंची पाइप उतरले का गं?" छातीचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झालेत. डॉक्टरांनी बजावलंय, तीन महिने दुकानाचा विषय नको. आपलं घर दुकानाच्या माडीवर, म्हणून तर त्यांना तुझ्याकडं उमरग्याला ठेवलं. त्यांचा मोबाइल तू कपाटात कोंडलास, तर ते तुझ्या मोबाइलवर टपून बसलेत. म्हणून पत्र.

सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, पत्र असं लिहावं की भलत्यानं वाचलं तरी आपली मान खाली जाऊ नये. हे पत्र तसलं नाही. वाचून झालं की ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेव. तिथं कुठलाही पुरुष हात घालत नाही.

गोष्ट अशी की महांतप्पा गेला. दचकू नको, सास्तूरला गेला, लेकाकडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मला म्हणाला, "वहिनीबाई, आकडा म्हणून बघतो ते मुंगी निघते. आता मला सोडा." तीस वर्षांचा मुनीम, त्याला नाही कसं म्हणू? सोडला. आणि मी गल्ल्यावर बसले.

हे अण्णांना कळता कामा नये. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या योगीराजला माझ्यादेखत शब्द दिलाय, "महांतप्पानं पाडव्यापर्यंत दुकान ओढलं तर ठीक. न्हाय तर जागा तुझी, टाक तुझं मोबाइलचं दुकान." मी म्हटलं, मी बसते की. तर हसले. "एल्बो कुठला न् टी कुठला, वळखू येतो का तुला?" सलाइन लावलेल्या माणसाशी काय भांडायचं! पण नंदू, मला हे दुकान हवंय. चाळीस वर्षं ह्या पाइपांच्या वरच्या मजल्यावर झोपले, आणि खाली माझ्यासाठी खुर्ची नव्हती.

आता अडलंय ते संगणकापाशी. हिशेबाचं सॉफ्टवेअर दारातच उभं करतं. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' पासवर्ड महांतप्पानं गल्ल्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी लावून ठेवलाय, तोच टाकते. काल चार वेळा टाकला. मदतीच्या नंबरावर एक मुलगी गोड आवाजात म्हणते, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि बासरी लावते. तू पतसंस्थेत पंधरा वर्षं संगणकावर काढलीस. सांग.

तुझी,
राजी

---

उमरगा,
शनिवार, ११ जानेवारी

राजे,

पत्र पिठात आहे. आणि मी हसून हसून बेजार आहे, कारण तू कुठं अडलीस ते मला इथं बसून दिसतंय.

पहिलं, युजरनेमच्या चौकटीत काय टाकतेस? पत्रात लिहिलं नाहीस. तू 'malak' टाकत असणार. खरं सांग! संगणकाला मालक कळत नाही गं, त्याला नाव लागतं. अण्णाचं नाव घे. लग्नात उखाण्यात घेतलंस की, तेही आमच्या गल्लीतल्या पन्नास बायकांसमोर.

दुसरं, आता पाचव्यांदा चुकवू नकोस. पाच चुका झाल्या की बहुतेक ठिकाणी कुलूप पडतं. आमच्या पतसंस्थेत मॅनेजरबाईंचं दर सोमवारी पडायचं, आणि त्या माझ्याकडं अशा बघायच्या जणू कुलूप मी घातलंय.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे ठिपके दिसतात ना? आठव, टायपिंगच्या तासाला सिस्टर आपल्या हातांवर रुमाल टाकायच्या. बोटांकडं बघायचं नाही म्हणून. रुमाल काढल्यावर तुझ्या कागदावर काय निघायचं? एक बोट एका घरानं सरकलेलं असायचं आणि अख्खं पान फ्रेंचमध्ये! हे ठिपके म्हणजे तोच रुमाल. म्हणून आधी पासवर्ड उघड्यावर टाइप कर. कोरं पान उघडतं ते नोटपॅड उघड, तिथं लिही आणि डोळ्यांनी बघ काय उमटतंय. मला दाट शंका आहे की मराठी कीबोर्ड चालू राहिलाय. नाहीतर कॅप्स लॉक. तो दिवा लागलाय का बघ.

अण्णाचं बरं चाललंय. सकाळी अंगणात वीस फेऱ्या, पथ्याचं जेवण, तोंड वाकडं करून का होईना. दुपारी तीन ते चार तो आणि आमचे हे पुढच्या खोलीत दार लोटून पत्ते खेळतात. रिटायर झालेल्या तलाठ्याला दुसरं काम काय! मी त्या वेळात जरा पडते. घर कसं शांत असतं.

महांतप्पाचं कुणाला बोलणार नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. अण्णा हसला होता, हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी त्याचे टाके मोजले असते.

तुझी,
नंदू

---

येरमाळा,
शुक्रवार, १७ जानेवारी

प्रिय नंदू,

सिस्टरांच्या रुमालाची शपथ, नोटपॅडवर मराठीच उमटलं! 'षडअपळ' असलं काहीतरी. शिवाय कॅप्स लॉकचा दिवाही लागलेला. आणि हो, 'malak'च टाकत होते. तुला कसं कळलं? पाचव्यांदा नाव घेतलं, पासवर्ड घातला, आणि दार उघडलं. समोर एक इस्प्रिंकलर घ्यायला आलेला माणूस उभा होता, त्याच्यादेखत मी टाळी वाजवली. तो बिचारा म्हणाला, "काय सूट लागली का बाई?" दिली थोडी.

आता मी रोज बसते. एल्बो, टी, रिड्यूसर, फुटवॉल, सगळं ओळखू येतं. न येऊन सांगते कुणाला? एल्बो म्हणजे कोपर, टी म्हणजे टी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला टी ओळखू येईल की नाही, अशी शंका चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यावी!

बायका यायला लागल्यात. नागूबाई विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणून आली. आधी दारातूनच आत डोकावली. "मालक न्हायती का?" म्हटलं, नाहीत, मी आहे. "मग बरं झालं बाई," म्हणून आत येऊन बसली. म्हणाली, तिच्या नवऱ्याला दर वेळी नको ती वस्तू देऊन पाठवायचे, त्यालाही विचारायची लाज आणि इथं सांगायला सवड नाही. अर्धा तास बसून मोटारीचा सगळा इतिहास तिनं सांगितला. पाइपाच्या तळाला पाणी धरून ठेवतो तो फुटवॉलच गेला होता. फक्त फुटवॉल घेऊन गेली.

एक गंमत. नव्या गिऱ्हाइकाचं खातं उघडताना मामंजींच्या नावाचे दोघं आले. इकडं ते नाव दर दहा घरांत एकाचं. माझं बोट कीबोर्डवर आलं आणि थांबलं. ह्यांचं नाव उखाण्यात घेतलंय, त्यामुळं ते निघालं. पण सासऱ्याचं? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सांगितलं होतं, ते नाव सुनेच्या तोंडात नाही. सिस्टरांना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, राजेश्वरी, हा तर निव्वळ संकोच आहे. असेल. पण मामंजी मला दर आषाढात माहेरी सोडायला स्वतः यायचे, स्टँडवर माझ्यासाठी खिडकीची जागा रुमाल टाकून धरायचे. नाही लिहवलं. मग एक खातं केलं 'मामंजी, ढोकी रोड' आणि दुसरं 'मामंजी, तेर'. मला कळतं, पुरे.

आता खरी अडचण. परवा जेवून तीनच्या सुमाराला खाली आले, लॉगिन केलं, तर नवीनच चूक: 'हा वापरकर्ता दुसऱ्या संगणकावर आधीच काम करत आहे. तिथलं काम बंद करायचं का?' नंदू, दुसरा संगणक कुठला? आपल्याकडं एकच आहे! काल तीनला तेच. मला योगीराजचा संशय येतोय. काल आला होता, पाइपांकडं न बघता भिंती मोजल्यासारख्या बघत होता. "काकू, धंदा कसाय? महांतप्पा दिसंनात?" म्हटलं, वसुलीला गेलेत. पासवर्ड बदलावा म्हटलं तर त्याचा कोड ह्यांच्याच मोबाइलवर येणार, तुझ्या कपाटात. काय करू?

तुझी,
राजी

---

उमरगा,
बुधवार, २२ जानेवारी

राजे,

घाबरू नकोस, चोर-बीर काही नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. तू जेवायला जाताना संगणक कसा बंद करतेस? सरळ भिंतीवरचं बटण दाबून, होय ना? मग त्या सॉफ्टवेअरला वाटतं, बाई अजून आतच आहेत. माणूस देवळातून मागच्या दारानं निघून जावा आणि पुजारी चपलांवर लक्ष ठेवत बसावा, तसं. आधी लॉगआउट करायचं, मग सॉफ्टवेअर बंद, मग संगणक, मग भिंत. तरीही म्हणालं तर पंधरा मिनिटं थांबायचं.

मोबाइल कपाटातच आहे, चावी माझ्या गळ्यात. तोपर्यंत पासवर्ड बदलायची गरज नाही.

मल्लिकार्जुन हे आमच्या आप्पांचं नाव मी मात्र खुशाल लिहिते, बघ: मल्लिकार्जुन, मल्लिकार्जुन. लेकीला सूट असते. तुझं ते 'मामंजी, ढोकी रोड' वाचून मी डोळे पुसले. आप्पा रुमाल टाकून जागा धरायचे ते मी विसरलेच होते.

अण्णा मजेत आहे. काल जेवताना आपणहून म्हणाला, "महांतप्पा म्हातारपणी लई हुशार झालाय." मी म्हटलं, झाला असेल. आणि भाकरी वाढली.

तुझी,
नंदू

---

येरमाळा,
बुधवार, २९ जानेवारी

प्रिय नंदू,

तू एवढी पतसंस्थेत राहिलेली, आणि तुझा निदानाचा कागद साफ चुकला.

लॉगआउट केलं. भिंत सगळ्यात शेवटी. पंधरा मिनिटांच्या जागी अर्धा तास थांबले. तीन वाजता पुन्हा तेच. मग मलाही जोर चढला. 'तिथलं काम बंद करायचं का?' म्हणाला, मी 'होय' दाबलं. आत गेले. दोन मिनिटांनी मी बाहेर! पलीकडच्यानं माझं बंद केलं होतं. मी परत. तो परत. असं सात वेळा. सातव्यांदा माझ्या खुर्चीचं चाक निखळलं. एवढा हट्टी माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, पण तो तर तुझ्याकडं पत्ते खेळतोय.

चार वाजले आणि पलीकडचा आपोआप निघून गेला. मी आत जाऊन सगळं तपासलं. काही गेलेलं नाही. उलट ऐक: सोमवारी मी दोन इंची एल्बोचा भाव चुकून दीड इंचीचा टाकला होता. तो दुरुस्त केलेला! घरात शिरून भांडी घासून ठेवणारा असा कसला गं चोर?

योगीराज नसणार. त्याला एल्बोचा भाव काय कळतोय! पण तो काल टेप घेऊन आला होता, खरोखरीचा. "काकू, नुसतं माप घेतो, काऊंटर बनवायला टाकायचाय." मी म्हटलं, पाडवा तीस मार्चला आहे, आज अठ्ठावीस जानेवारी. टेप गुंडाळ. नागूबाई बसलेलीच होती. म्हणाली, "आरं लेकरा, बाई बसलीया ती दिसंना का तुला? का बाईची पण लांबी-रुंदी घिऊन जातूस?" गेला. पण नंदू, तो गेल्यावर मी पाडव्यापर्यंतचे दिवस मोजले. दोन महिन्यांनी हे सगळं खरंच त्याच्या काऊंटरखाली गेलं तर? मला दुपारी परत वर जाऊन, पंखा बघत पडून राहायचं नाहीये.

तू एक कर. तीन वाजता पडू नकोस. उठून बघ.

तुझी,
राजी

---

उमरगा,
सोमवार, ३ फेब्रुवारी

राजे,

उठले. बघितलं. आता तू बसून वाच.

तीन वाजून दहा मिनिटांनी, चहाला अजून तासभर असताना, मी चहा घेऊन पुढच्या खोलीचं दार ढकललं. आमचे हे दाराशीच खुर्ची टाकून बसलेले, हातात पत्त्यांचा पंखा, आणि नजर दारावर. मला बघून "नहला!" असं ओरडले. समोर कुणी खेळायलाच नव्हतं. अण्णा पलीकडं ह्यांच्या संगणकावर, नाकावर चष्मा, जीभ दातांत. स्क्रीनवर पाइपांची यादी. मी काही बोलायच्या आत ह्यांनी पत्ते टाकले आणि अण्णानं चष्मा काढून डोळे मिटले, जणू ध्यानाला बसलाय.

मी चहा ठेवला आणि बाहेर आले. दाराआडून ऐकलं. "भावजी, सात डाव म्हातारा मला भाईर काढत हुता. महांतप्पाच्या अंगात एवढं बळ आलं कुठनं?"

चूक माझी. पंधरा वर्षं संगणकाची म्हणवते आणि माझ्याच पुढच्या खोलीतला संगणक मोजला नाही.

पण राजे, ओरडावं की नाही, हेच मला कळेना. काल नर्स येऊन गेली. अण्णाचा रक्तदाब एकशे चोवीस. घरी आणला तेव्हा एकशे साठ होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून उतरायला लागला, म्हणजे हा 'पत्ते' खेळायला लागला तेव्हापासून. डॉक्टरांचं औषध काम करतंय की तुझे पाइप, कोण सांगणार? मी नर्सला सगळं सांगून टाकलं. ती हसली, म्हणाली, डॉक्टरांच्या कानावर घालते, पण तासाच्या वर नको.

तर त्याला दुकान महांतप्पाच चालवतोय असं वाटतंय. पगार वाढवायचा म्हणत होता. फक्त एकदा जेवताना विचारलं, "नंदे, महांतप्पाला आप्पांचं नाव लिहायला काय झालंय?" मी पटकन म्हटलं, वय झालं, आप्पांचा मान राखत असेल. तो "हं" म्हणाला आणि ताक मागितलं. पटलं त्याला.

आता तूच ठरव. माझा सल्ला, तीन ते चार त्याला सोड.

तुझी,
नंदू

---

येरमाळा,
रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय नंदू,

उत्तराला उशीर झाला, कारण आता सीझन सुरू झालाय. विहिरी खाली गेल्या की आपलं दुकान वर येतं. ऊस, द्राक्षं, भाजी, सगळ्यांना पाइप हवेत.

तीन ते चार त्यांना सोडलं. पावणेतीनला शिस्तीत लॉगआउट करते, वर जाऊन जेवते, जरा पाय लांब करते. आधी दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी सव्वाचारची वाट बघतेय, त्यांनी आज काय दुरुस्त केलं ते बघायला. आणि सांगू का, आता एखादी चूक मुद्दाम ठेवते. अगदी बारकी. त्यांना काहीतरी सापडायला हवं ना! सिस्टर तुझ्या निबंधात एक तरी लाल खूण करायच्याच. नाही केली तर तू रुसायचीस.

आणखी एक झालं. प्रत्येक नोंदीखाली एक शेऱ्याचा रकाना असतो. मी महांतप्पा असल्यासारखं लिहिलं: 'तीन इंची संपत आले. कुणाकडून मागवावे?' दुसऱ्या दिवशी खाली उत्तर! 'लातूरवाल्याकडनं घे. गाडी दारात येऊन उतरवून देईल.' मग मी लिहिलं, 'योगीराज माप घ्यायला आला होता.' पाचव्या दिवशी एवढंच, 'बघतो.' काय बघतात कोण जाणे.

आणि कालचा शेरा वाचून तर मला हसूच आलं. 'जिना दिवसातनं दोनदाच चढत जा. गुडघ्याला तेल लाव.' महांतप्पाच्या गुडघ्यांची ह्यांना एवढी काळजी! माझ्या गुडघ्यांबद्दल आजवर कधी विचारलं नाही. आणि महांतप्पा तर जिना चढतच नव्हता, तो खालीच बसायचा.

थांब.

नंदू, महांतप्पा जिना चढत नव्हता.

राजी

---

उमरगा,
मंगळवार, ११ मार्च

राजे,

ह्या पाकिटात दुसरा कागद आहे. तो माझा नाही. गेल्या आठवड्यात अण्णानं माझ्याकडं हात पुढं केला आणि म्हणाला, "कपाटाची चावी दे. मोबाइलवर कोड यायचाय." असल्या सुरात, की मी गळ्यातून काढून दिली. पिठाच्या डब्याला त्यानं हात लावला नाही, शपथ.

चार दिवस लिहीत होता. तीन कागद फाडले.

नंदू

---

उमरगा,
ता. १० मार्च

अगं,

पत्र लिहायची सवय न्हाय. तुम्हा दोघींसारखं सिस्टरबाईंनी शिकवलेलं न्हाय. जमल तसं लिहितो.

मला १७ जानेवारीलाच कळलं हुतं. त्या दिवशी म्या यादी बघताना 'मामंजी, ढोकी रोड' असं खातं दिसलं. म्या भावजींना म्हणालो, महांतप्पा माझ्या बापाला मामंजी कवापासनं म्हणायला लागला? भावजी दहा मिनिटं हसत हुते. मग मलाच हसू यीना. आपल्या दुकानात कोण बसलंय ते कळलं.

तुला सात डाव भाईर काढलं ते महांतप्पा समजून न्हाय. भावजींना तसं म्हणालो, नंदी दाराआड हुती म्हणून. तिच्या बांगड्या वाजत्यात. म्या बघत हुतो, तू किती डाव परत येतीस. आठव्यांदा आली असतीस, मीच थकलो.

आधीचे हिशेब बघितले, तू बसायच्या आधीचे न् नंतरचे. नागूबाईला जरा जास्तच सूट देतीस. ती नेहमीच मागते, तिला सवय लावू नको. बाकी बराबर हाय. माझ्यापेक्षा बराबर हाय, हे एकदाच लिहितो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हसलो हुतो. ते परत घेतो.

योगीराजला फोन केला. म्हणालो, चाव्या माझ्याकडं न्हाईत, मालकिणीला विचार. त्यानं विचारलं, काका तुम्ही बरे हाय ना?

आता कामाचं. एकाच नावानं दोघं आत जाताना भांडण हुतंय म्हणून संगणकात दुसरी जागा घेतली. तुझ्या नावाची. सगळे हक्क तुझे, माझ्या नावाला आता फक्त बघायचा हक्क ठेवलाय, तो पण तुझ्याकडनं. नाव टाकताना मात्र लई अडलो. चाळीस वर्षं 'अगं' म्हणून भागलं. सवयीनं तेच टाकलं, तर घीना. म्हणाला, कमीत कमी सहा अक्षरं पायजेत. मग तुझं नाव टाकलं. पुरं. इंग्रजीत. भावजींना दोनदा विचारून. टाकून झाल्यावर बघत बसलो.

पहिला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सोबत देतोय. पहिल्यांदा आत गेलीस की तो बदलायला सांगेल. बदल. मला सांगू नको.

तेल लावतीस का?

शिवशरण

---

येरमाळा,
शनिवार, १५ मार्च

अहो,

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. पाकीट पोलक्यात ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाला ठिबकचं सामान काढून दिलं. मग उघडलं. तुमचं अक्षर मी लग्नपत्रिकेच्या यादीनंतर आज पहिल्यांदा इतकं सलग पाहिलं.

चिठ्ठीवरचा पासवर्ड आधी नोटपॅडवर लिहून बघितला, दिवा बघितला, कीबोर्ड बघितला. मग युजरनेमच्या चौकटीत माझं नाव टाइप केलं. दार एका फटक्यात उघडलं. वर लिहून आलं, 'स्वागत आहे, राजेश्वरी.' मी चष्मा काढून पुसायला लागले. नागूबाई समोर बसलेली. म्हणाली, "का वं बाई, मशीन बिघडलं का?" म्हटलं, न्हाय, आता बराबर झालं. तिला आज सूट दिली नाही. तुमचं नाव सांगितलं. तिनं तुम्हाला जे काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

योगीराज आला होता. टेप नव्हता. मुलीच्या नावानं चार कुंड्या आणल्यात, त्यांना पाणी द्यायला अर्धा इंची पाइप घेऊन गेला. मी दोन मीटर जादा दिला.

पाडव्याला तुम्ही घरी यायचं आहे. खालच्या गोदामाची पुढची खोली मोकळी करून घेतेय, पलंग तिथंच टाकू. जिना चढायचा प्रश्न नाही, तुम्हालाही आणि मलाही. हो, लावते तेल.

पासवर्ड बदललाय. नाही सांगत.

मामंजींच्या नावाचे आणखी तिघं नवीन गिऱ्हाईक झालेत. त्यांची खाती तशीच ठेवलीत, 'मामंजी, शाळेजवळ', 'मामंजी, मळा' आणि 'मामंजी, उंच'. मालकीण झाले म्हणून ते नाव काही मी लिहिणार नाही. तुम्हाला बदलायची असतील तर आता मला विचारावं लागेल.

तोवर तीन वाजता या. कुणी कुणाला बाहेर काढणार नाही. मी आत असेनच.

तुमची,
राजेश्वरी